काळ्या रानातले बॅडमिंटन कोर्ट: एका फुटलेल्या काँक्रीटचे प्रकरण

सांगलीच्या बाहेर, कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीवर एका शिक्षक दांपत्याचे घर आहे. घराच्या पूर्वेस परस असून तो दक्षिणोत्तर ८० फूट आणि पूर्व-पश्चिम ४८ फूट, म्हणजे साडेतीन गुंठ्यांहून थोडा अधिक आहे. दोन्ही मुली शाळेत बॅडमिंटन खेळत होत्या, म्हणून एका उन्हाळी सुट्टीत आई-वडिलांनी हौसेने परसात काँक्रीटचे कोर्ट करून घेतले. वर्षभराने मला बोलावले गेले, तेव्हा त्या कोर्टावर बोट जाईल एवढ्या भेगा होत्या आणि धाकटी मुलगी अशाच एका भेगेत पाय अडकून मुरगळल्यामुळे आठवडाभर घरी बसली होती. मी स्थापत्य अभियंता असून या भागात पंचवीस वर्षे कामे करतो. घराजवळ कोर्ट बांधू इच्छिणारी बरीच मंडळी हल्ली भेटतात आणि बहुतेकांचे प्रश्न रंगापासून सुरू होतात. त्यांना जमिनीखाली काय घडते ते कळावे, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या कामात सगळेच चुकले होते असे नाही. बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाचे माप १३.४० मीटर बाय ६.१० मीटर, म्हणजे ४४ फूट बाय २० फूट असते. घरमालकांनी भोवती तीन-तीन फूट मोकळी जागा सोडून ५० बाय २६ फुटांचा ओटा केला होता. लांबी दक्षिणोत्तर ठेवली होती, त्यामुळे सकाळ-संध्याकाळी तिरपे ऊन कोणाच्याही डोळ्यांवर येत नव्हते. घर पश्चिमेला असल्याने दुपार कलल्यावर त्याची सावली कोर्टावर येई आणि पावसाळी दिवसांतले पश्चिमेचे वारेही भिंतीआड काही प्रमाणात अडत. हे शेवटचे विशेष महत्त्वाचे आहे, कारण फुलाचे (शटलकॉकचे) वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम एवढेच असते आणि उघड्यावर साधी झुळूकही त्याला रेषेबाहेर नेते. जागतिक बॅडमिंटन महासंघाने २०१९ मध्ये उघड्यावरच्या खेळासाठी वेगळे फूल आणि वेगळा प्रकार आणला, तो याच अडचणीमुळे. तरीही हा खेळ परसात खेळावा असे वाटणे मला अगदी स्वाभाविक वाटते. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतले ब्रिटिश अधिकारी तो खेळत आणि त्याचे एक जुने नाव ‘पूना’ असेच होते.

चूक होती ती खाली. गवंड्याने वरची वीतभर माती काढून नऊ इंच डबराचे सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा थर केला, फटींत थोडा मुरूम टाकला आणि त्यावर चार इंच काँक्रीट ओतले. ‘‘साहेब, खाली डबर घातला की काळी माती गप बसते,’’ असे त्याने मला पुढे सांगितले. हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे आणि या प्रकरणाचे मूळ त्यातच आहे.

भेगांचा माग

मी मे महिन्याच्या अखेरीस पहिली पाहणी केली आणि पाच-पाच फुटांवर खुणा करून लेव्हल यंत्राने सगळ्या ओट्याची पातळी घेतली. सर्वांत उंच आणि सर्वांत सखल बिंदूंत ६८ मिलिमीटरचा फरक निघाला. ओट्याचा मध्य उंच होता, पूर्व आणि पश्चिम कडा खाली गेल्या होत्या आणि मोठ्या भेगा या दोन्ही कडांना समांतर, कडेपासून साधारण चार-पाच फूट आत धावत होत्या. वायव्येचा कोपरा मात्र इतर कडांसारखा न खचता वर राहिला होता आणि आग्नेयेचा कोपरा सर्वांत खाली बसला होता.

घरमालक मात्र ठामपणे सांगत होते की पावसाळ्यात पाणी मध्ये साचत असे, कडांना नाही. उंच भागात पाणी साचेल कसे, असा पेच काही वेळ पडला. मुलीने गेल्या ऑगस्टमध्ये मोबाइलवर काढलेली छायाचित्रे पाहिली, तेव्हा त्यांत खरोखरच मध्यभागी डबके दिसले. म्हणजे हा ओटा पावसाळ्यात बशीसारखा आणि उन्हाळ्यात उपड्या बशीसारखा झाला होता. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण वाकवले की तुटते, आणि हे काँक्रीट एका वर्षात दोन्ही दिशांना वाकले होते.

काळी माती बेसाल्ट झिजून तयार होते आणि तिच्यातले माँटमोरिलोनाइट हे चिकण-खनिज पाणी मिळताच फुगते व पाणी गेल्यावर आक्रसते. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या भेगा शेतकऱ्याला नव्या नाहीत. पहिले काँक्रीट मे महिन्यात, म्हणजे माती वर्षात सर्वाधिक कोरडी असताना ओतले गेले होते. पहिल्या पावसात पाणी कडेने आत शिरले, कडांखालची माती आधी फुगली आणि कडा उचलल्या गेल्या. पुढे ओल हळूहळू मध्यापर्यंत पोचली आणि मध्यही वर आला. उन्हाळा आल्यावर कडांखालची माती वाळून आक्रसली, परंतु काँक्रीटने झाकलेल्या मध्यातली ओल उडून जाऊ शकली नाही. त्यामुळे मध्य फुगलेलाच राहिला, कडा निराधार झाल्या आणि जिथे आधार संपत होता तिथे भेगा पडल्या.

दोन कोपऱ्यांचे कोडेही परसात फिरताना सुटले. वायव्येला, घराच्या भिंतीजवळ धुण्याचा दगड आहे. त्याचे आणि मोरीचे पाणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या रीतीप्रमाणे केळीच्या व अळवाच्या वाफ्यात सोडलेले होते आणि तो वाफा ओट्यापासून जेमतेम सहा फुटांवर होता. तिथली माती बारमाही ओली, म्हणून कायम फुगलेली. आग्नेयेला मोठा कडुनिंब आहे, जो मुळांनी खोलवरची ओल खेचून घेतो, म्हणून तिथली माती सर्वांत जास्त आक्रसलेली. एकाच काँक्रीटचा एक कोपरा अळवावर आणि दुसरा कडुनिंबावर टेकलेला होता.

मातीची खात्री करून घेण्यासाठी मुक्त-फुगवट्याची चाचणी केली. ती इतकी साधी आहे की बांधकामापूर्वी ती न करण्याला कारणच उरत नाही. सुकवून बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घेतात, एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल भरतात आणि चोवीस तासांनी मातीने किती जागा व्यापली ते वाचतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून ती तुलनेला उपयोगी पडते. आमच्या नमुन्यात रॉकेलमधली माती ११ मिलिलिटर आणि पाण्यातली १९ मिलिलिटर भरली, म्हणजे फुगवटा सुमारे ७३ टक्के होता. ५० टक्क्यांच्या वरची माती असेल तर तिच्यावर पातळ काँक्रीट थेट टाकण्याचा विचारही करू नये, असे माझे मत आहे.

पर्याय

घरमालकांची पहिली इच्छा अर्थातच जुन्यावर तीन इंच नवे काँक्रीट टाकून घेण्याची होती. खर्च थोडा आणि काम पंधरवड्यात झाले असते, पण खालची हालचाल तशीच राहिली असती आणि जुन्या भेगा नव्या थरातून वर आल्या असत्या. दुसरे टोक म्हणजे सगळी काळी माती काढणे. परीक्षणासाठी घेतलेल्या खड्ड्यात ती २.२ मीटर खोल निघाली आणि त्याखाली चुनखडीचे पांढरे खडे असलेला घट्ट थर लागला. घरापासून काही फुटांवर एवढे खोल खणणे मला घराच्या पायाच्या दृष्टीने मान्य नव्हते.

आम्ही मधला मार्ग घेतला आणि त्याचा आधार जुना आहे. आयआयटी मुंबईतील डॉ. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीचा दीर्घ अभ्यास करून दाखवले की तिच्यावर न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा साधारण एक मीटर जाडीचा दाबलेला थर दिला, तर खालच्या मातीची हालचाल वर फारच कमी पोचते. फुगणाऱ्या मातीतल्या कालव्यांसाठी ही पद्धत वापरली गेली. यातला ‘चिकटपणा असलेल्या’ हा भाग लोक विसरतात. डबर, खडी किंवा वाळू फुगत नाही हे खरे, पण तिच्या फटींतून पाणी सहज शिरते आणि खालची काळी माती ते सहजी सोडत नसल्यामुळे ओट्याखाली तळे तयार होते. नोव्हेंबरात जुने काँक्रीट फोडले, तेव्हा शेवटचा पाऊस होऊन तीन आठवडे उलटले होते, तरी सोलिंगच्या डबरात पाणी उभे होते. गवंडीही तिथे हजर होता. त्याने ते पाणी ओंजळीत घेऊन पाहिले आणि पुढच्या सगळ्या कामात माझ्याइतकीच काळजी घेतली.

जमिनीखालचे काम

काम नोव्हेंबरात सुरू करण्याचा आग्रह मी धरला होता. त्या सुमारास माती धड चिंबही नसते आणि धड कोरडीही नसते, त्यामुळे झाकल्यानंतर तिला फार फुगायचे किंवा फार आक्रसायचे उरत नाही. सुट्टीच्या सोयीने एप्रिल-मे गाठण्याची आपली सवय काळ्या जमिनीत नडते.

नवा ओटा ५४ बाय ३० फुटांचा ठरवला, म्हणजे रेषांबाहेर चारही बाजूंना पाच-पाच फूट मिळाले. खोदाई मात्र त्याच्या बाहेर आणखी तीन फूट, म्हणजे ६० बाय ३६ फूट आणि सव्वातीन फूट खोल केली. जवळपास ७० ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) काळी माती निघाली आणि तिला मागणी आली, कारण जवळच एकाचे मुरमाड रान होते. फोडलेल्या काँक्रीटचे तुकडे परसातल्या पायवाटेखाली घातले आणि भरावात त्यांतला एकही जाऊ दिला नाही.

मुरूम निवडताना तीन खाणींचे नमुने पाहिले. पहिल्यातला मुरूम दिसायला सुरेख, तांबूस आणि भरड होता, पण बांधून ठेवणारी बारीक माती त्यात नव्हती, म्हणून तो नाकारला. दुसऱ्यात काळ्या मातीचा अंश होता. तिसरा पसंत पडला आणि त्याच्या चाचणीत फुगवटा दहा टक्के आला. मुरूम हे गौण खनिज असल्याने प्रत्येक गाडीमागे रॉयल्टीची पावती घेतली. हे घरगुती कामांत हमखास टाळले जाते, ते टाळू नये.

भराव पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या सहा थरांत केला. रोलर परसात येण्याजोगा लहान आणला, कडांना प्लेट कॉम्पॅक्टर चालवला आणि प्रत्येक थरावर पाणी मारताना एकच कसोटी मजुरांना दिली: मुरूम मुठीत दाबला की लाडू वळला पाहिजे, पण हाताला पाणी लागता कामा नये. तिसऱ्या आणि सहाव्या थराची घनता प्रयोगशाळेकडून तपासून घेतली. तिसरा थर एका बाजूला कमी भरला, तेव्हा तो उकरून पुन्हा दाबला. या दोन दिवसांच्या विलंबामुळे घरात थोडी नाराजी झाली, पण हा थर म्हणजेच कोर्ट आहे आणि काँक्रीट ही त्यावरची चादर आहे, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत राहिलो.

पाण्याची व्यवस्था याच वेळी बदलली. धुण्याच्या दगडाचे आणि मोरीचे पाणी बंद नळीतून उत्तरेच्या कुंपणाकडे नेले आणि केळी-अळूचा वाफा तिकडेच हलवला. कडुनिंब तोडायचा नाही, यावर घरात एकमत होते आणि मलाही तेच हवे होते. त्याच्या बाजूने कडेलगत दीड मीटर खोल अरुंद चर खणून त्यात जाड प्लास्टिकचा उभा पडदा सोडला, म्हणजे मुळांना कोर्टाखालची ओल खेचता येणार नाही आणि बाहेरचे पाणीही आत येणार नाही. ओट्याच्या चारही बाजूंना, मुरमाच्या बाहेर आलेल्या तीन फुटांच्या पट्ट्यावर प्लास्टिक अंथरून बाहेर उतार देत शहाबादी फरशी बसवली. हा फरशीचा पट्टा शोभेसाठी आहे असे पाहुण्यांना वाटते, पण माती कोरडी-ओली होण्याचा खेळ तो काँक्रीटच्या कडेपासून दूर ढकलतो.

काँक्रीट, जाळी आणि रेषा

वरचे काम तुलनेने सरळ झाले. मुरमावर तीन इंच पीसीसी, म्हणजे बिनसळ्यांचे साधे काँक्रीट, त्यावर १००० गेजचे जाड प्लास्टिक आणि त्यावर पाच इंच एम २५ प्रतीचे काँक्रीट, वरच्या तिसऱ्या हिश्शात आठ मिलिमीटर सळ्यांची जाळी. उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे, एकाच दिशेने, शंभरास एक, म्हणजे ३० फुटांत नऊ सेंटिमीटर ठेवला. मध्ये उंचवटा देऊन दोन्हीकडे उतार काढण्याची रीत रस्त्याला ठीक आहे, कोर्टाला नाही. पूर्वेच्या गटारातून पाणी थेट परसाबाहेर जाते.

जाळीचे खांब हा बारकावा आधी ठरवावा लागतो. बॅडमिंटनचे खांब दुहेरीच्या कडेरेषेवरच उभे राहतात आणि जाळी खांबापाशी १.५५ मीटर, मध्ये १.५२४ मीटर उंच असते. मुलींच्या मामाला पिकलबॉलचीही, म्हणजे फळीसारख्या बॅटने पोकळ प्लास्टिकच्या चेंडूवर खेळायच्या खेळाची, आवड होती. त्या खेळाचे कोर्ट नेमके ४४ बाय २० फुटांचेच असल्याने बाहेरच्या रेषा दोन्ही खेळांना चालतात, मात्र त्याची जाळी कडेला ३६ आणि मध्ये ३४ इंच असते आणि खांब कडेरेषेच्या एक फूट बाहेर येतात. म्हणून दोन्ही बाजूंना एकेका मोठ्या ठोकळ्यात फूटभर अंतराने दोन-दोन नळ्या बसवल्या आणि ठोकळा व ओटा यांत सांधा मोकळा ठेवला. आतल्या रेषांत बॅडमिंटनची सर्व्हिसची आखूड रेषा जाळीपासून १.९८ मीटरवर आणि पिकलबॉलची सात फुटांवर, म्हणजे दोहोंत सहाच इंचांचे अंतर पडते. एकाच रंगात त्या खेळाडूला गोंधळात टाकतात, म्हणून पहिली पांढरी आणि दुसरी पिवळी केली.

काँक्रीट जानेवारीच्या अखेरीस ओतले. गवंड्याचा हात चांगला होता आणि पृष्ठभाग घोटून काचेसारखा करण्यात त्याला अभिमान होता. त्याला थांबवून झाडूचा हलका खरखरीतपणा द्यायला लावला, कारण गुळगुळीत काँक्रीटवर रंग धरत नाही आणि पावसानंतर पाय घसरतो. ओट्याचे पंधरा चौकोन पाडायचे होते, प्रत्येक सुमारे पावणेअकरा बाय दहा फुटांचा, आणि त्यासाठी दुसऱ्या दिवशी पहाटेच जाडीच्या एक चतुर्थांश खोलीचे काप द्यायचे होते, म्हणजे काँक्रीट आक्रसताना भेग कापातच पडते. इथे माझी चूक झाली. कापण्याच्या यंत्राचे दुसरे पाते मी आणवून ठेवले नव्हते. पहाटे पाते तुटले, नवे येईपर्यंत दुपार झाली आणि तोवर उत्तरेकडच्या एका चौकोनात केसासारखी भेग पडली होती. ती भरून घेतली आहे. खेळायला अडथळा नाही, पण निरखून पाहिले तर रंगाखालून अजून दिसते.

सिमेंट फ्लायअ‍ॅशचे, म्हणजे कोळशाची राख मिसळलेले आणि सावकाश घट्ट होणारे होते, म्हणून गोणपाट अंथरून पूर्ण चौदा दिवस पाणी मारले. अठ्ठावीस दिवसांनंतर, रंगाच्या आधी ओटा पाण्याने भिजवून तासभर थांबलो आणि जिथे पाणी राहिले तिथे रुपयाचे नाणे ठेवून पाहिले. नाणे बुडेल एवढे पाणी दोन ठिकाणी होते आणि ती जागा भरून घेतली. मगच अ‍ॅक्रिलिकचे थर दिले. दिव्यांचे चार खांब लांबीच्या बाजूंना उभे केले, कारण उंच फूल पाहताना समोर दिवा आला तर खेळच थांबतो. शेजाऱ्यांशी बोलून पिकलबॉल रात्री आठनंतर बंद ठेवायचे ठरले. त्याच्या चेंडूचा टकटक आवाज दूरवर जातो आणि ही मर्यादा त्यांनी सांगण्याआधी आपणच घालून घ्यावी, हे घरमालकिणीचे म्हणणे मला पटले.

दोन पावसाळ्यांनंतर

ओट्यात सोळा ठिकाणी पितळी खुणा बसवल्या आहेत आणि घराच्या जोत्यावरच्या एका बिंदूशी तुलना करून दर मे आणि ऑक्टोबरमध्ये मी त्यांची पातळी घेतो. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे झाल्यावर चौदा खुणांची हालचाल सहा मिलिमीटरच्या आत आहे. आग्नेयेच्या दोन खुणा गेल्या मे महिन्यात नऊ मिलिमीटर खाली दिसल्या आणि ऑक्टोबरात त्यांतले पाच मिलिमीटर भरून निघाले. कडुनिंबाची मुळे प्लास्टिकच्या पडद्याखालून गेली असावीत, असा माझा कयास आहे. तूर्त भेग नाही. मी घरमालकांना त्या बाजूची फरशी कुठे हलली आहे का ते पाहायला आणि उन्हाळ्यात झाडाच्या पलीकडच्या अंगाला, कोर्टापासून दूर, आठवड्यातून एकदा पाणी द्यायला सांगितले आहे, म्हणजे मुळे तिकडे वळतील. थोरली मुलगी आता बाहेरगावी शिकते, धाकटी रोज संध्याकाळी साडेपाचला घराची सावली उतरली की आईबरोबर खेळते, आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी पुन्हा लेव्हल यंत्र घेऊन जाणार आहे.